तळ्याचा धनी कोण?

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनहून तासाभराच्या अंतरावरील डेव्हिल्स लेक स्टेट पार्कमध्ये गेलो, तेव्हा तळे पूर्ण गोठलेले होते. बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेले एक आजोबा त्या भोकावर पुन्हा पुन्हा धरणारी बर्फाची साय झाऱ्याने काढून बाजूला टाकीत होते. पायाखालून मधूनच बर्फ तडकल्याचा घुमणारा आवाज येई आणि दचकत असे तो मी एकटाच.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दर पावसाळ्यात तोच वाद नव्याने पेटतो: बंदी घालावी, की ज्याने त्याने आपली अक्कल वापरावी? त्यावर आम्ही परदेशस्थ मंडळी 'इथल्या लोकांना शिस्त आहे' एवढे सुनावून मोकळे होतो. मला हे उत्तर आळशीपणाचे वाटते.

डेव्हिल्स लेकचे कडे सुमारे ५०० फूट उंच आहेत, त्यांवर चढणाऱ्या दगडी पायऱ्यांना बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि उन्हाळ्यात पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला जीवरक्षक नसतो. येथे वर्षाला २० लाखांहून अधिक माणसे येतात. ती सगळी शहाणी असतात असे मानायला मी तयार नाही. फरक आहे तो मालकीचा. १९११ पासून राज्य उद्यान असलेल्या या जागेतील तळे, काठ, पायवाटा आणि वाहनतळ यांचा कारभार राज्याच्या एकाच खात्याकडे आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींना तळ्यात मनाई आहे, वल्ह्याच्या किंवा विजेवर चालणाऱ्या बोटींना नाही. म्हणजे नियम आहे, पण तो तळेच बंद करणारा नाही, आणि तो बाराही महिने लागू असतो. भुशीचे धरण मात्र वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेले, आजही रेल्वेचे. मागचे डोंगर वनखात्याकडे, गावातला रस्ता नगर परिषदेकडे. अपघात झाला की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात, आणि बंदीचा आदेश काढणारा चौथाच असतो.

तरीही इथली व्यवस्था जशीच्या तशी उचलून न्यावी असे मी म्हणणार नाही. विस्कॉन्सिनने २०१५ च्या अर्थसंकल्पात राज्य उद्यानांच्या दैनंदिन खर्चासाठी सर्वसाधारण करातून मिळणारा निधी बंद केला, तेव्हापासून ती प्रामुख्याने प्रवेशशुल्क आणि तंबूंचे भाडे यांवर चालतात. उलट भुशीला पुण्याचा कोणीही लोकलने लोणावळ्यापर्यंत आणि पुढे पायी जाऊ शकतो, आणि हे आपल्याकडचे मोठे संचित आहे, हे आपण वादाच्या भरात विसरतो.

गेल्या उन्हाळ्यात मामेभाऊ आला होता, त्याला आम्ही डेव्हिल्स लेकला नेले. प्रवेशशुल्क माणशी नसून गाडीमागे असते हे कळल्यावर त्याने खिडकीतल्या मुलीला विचारले, "गाडी नसेल तर?" ती हसून म्हणाली, "चालत आलात तर फुकट." भावाने मागे वळून आम्ही आलो तो रस्ता पाहिला, दोन्ही बाजूंना शेते होती आणि बसथांबा कोठेही नव्हता.