प्रतिक्रियेला उत्तर : पन्नाशीत दहावीचे टक्के कशाला?

नमस्कार भाऊ,

पन्नाशीतल्या अनुभवी माणसाला दहावीचे टक्के कशाला विचारता, या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत पंधरा वर्षं माणसं भरती करता, म्हणून आधी तुमचं म्हणणं मांडते. दहावीची मार्कशीट मागणं ही साधी शिस्त आहे, असं तुम्ही म्हणता. ज्याला स्वतःचे कागद सांभाळता येत नाहीत, तो कंपनीचे काय सांभाळणार? अनुभवाचे खोटे दाखले मिळतात, बोर्डाचा कागद तरी खरा असतो. आणि शेवटी, मला नोकरी मिळाली नाही म्हणून मी रागात लिहिलं.

राग आहेच. तो कशाचा, ते त्या लेखात धड सांगितलं नव्हतं.

हिशेबाच्या कामासाठीच्या त्या मुलाखतीत माझ्यापुढे एका महिन्याचं खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (विकणाऱ्यांनी आपल्या नावावर भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) ठेवलं, फरक शोधा म्हणाले. एका पार्टीने नागपूरचं बिल कंपनीच्या दुसऱ्या राज्यातल्या जीएसटी नंबरवर चढवलं होतं. वीस मिनिटांत सापडलं. अकाउंट्सचे साहेब म्हणाले, "सोमवारपासून या." मग फाईल एचआरकडे गेली. तिथल्या मुलीनं विचारलं, दहावीला किती होते? चोपन्न, मी म्हटलं. ती बिचारी खाली बघत म्हणाली, "मॅडम, दहावी-बारावी-ग्रॅज्युएशन, सगळीकडे साठ लागते. सिस्टिम पुढे जाऊच देत नाही."

ते चोपन्न टक्के मार्च १९९१ चे. बाबा तेव्हा मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यात, भरती होते आणि आई त्यांच्याजवळ. गावी धाकट्या दोघांचा स्वयंपाक करून मी पेपरला जात होते. हे दया यावी म्हणून लिहीत नाही. त्या कागदावर नेमकं काय मोजलं गेलं, एवढंच सांगते आहे.

त्यानंतर २७ वर्षं मी इतवारीत, मस्कासाथच्या ठोक बाजारात हिशेब लिहिले. सेल्स टॅक्स गेला, १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला. व्हॅट गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. दर वेळी शेठजींचं दुकान बंद झाल्यावर मुनीमजी आणि मी शटर अर्धं ओढून रात्री उशिरापर्यंत नवे फॉर्म समजून घेत बसायचो. टॅलीही तिथेच शिकले. आज तुम्ही मला ज्या कामासाठी पगार द्याल, त्यातलं काहीही १९९१ च्या त्या कागदात नाही.

आणि साठ टक्के म्हणजे कोणत्या वर्षीचे साठ? २०१० पासून आपल्या बोर्डात 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, सहापैकी सगळ्यांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून बाहेर. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. त्या मुलांचा यात काही दोष नाही. पण त्यांचे साठ आणि माझे चोपन्न एकाच रकान्यात भरून वरचे घ्या, खालचे वगळा, हे मोजमाप कसं होईल?

कागद सांभाळण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यांत जास्त लागलं. मार्कशीट होती, शाळा सोडल्याचा दाखला भाड्याच्या घरातल्या ओलीत गेला. दुसऱ्या प्रतीसाठी गणेशपेठहून एसटीनं भंडाऱ्याला आणि तिथून गावी, अशा तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला शाळेच्या बाबूंनी दाखलखारीज रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही) काढलं. कोपरे कुरतडलेले, शाई तपकिरी झालेली. बोट फिरवत फिरवत ते माझ्या ओळीवर थांबले आणि म्हणाले, "नाव तर वेगळं आहे." वेगळं असणारच, ते माहेरचं. मग लग्नाचं प्रमाणपत्र, मग प्रतिज्ञापत्र. तुमच्याकडे येणाऱ्या माझ्या वयाच्या किती बायका इथेच परत फिरत असतील, याचा विचार करा भाऊ. आमच्या शिस्तीत खोट नाही.

खोट्या अनुभवपत्रांचा मुद्दा मात्र खरा आहे. मीही असे दाखले पाहिले आहेत. पण त्याची तपासणी दहावीच्या टक्क्यांनी कशी होणार? पीएफचं पासबुक मागा. २०१४ पासून यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, आहे, कुठल्या मालकाने कोणत्या महिन्यात पैसे भरले ते त्यात दिसतं. वीसपेक्षा कमी माणसांच्या पेढीत पीएफ सहसा सक्तीचा नसतो, तो नसेल तिथे बँकेत जमा झालेला पगार बघा, जुन्या मालकाला फोन करा आणि अर्धा तास काम देऊन पाहा. माझ्या साहेबांनी तेच केलं होतं, आणि ते बरोबर होतं.

नर्स, फार्मासिस्ट अशा कायद्याने बांधलेल्या जागांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सरकारनेसुद्धा २०१९ मध्ये ट्रक, बस, टॅक्सी चालवणाऱ्यांची आठवी पासची अट काढली. तेव्हा रस्ते वाहतूक खातं आपल्याच नागपूरच्या खासदारांकडे होतं. त्याच्याही कितीतरी आधी, डिसेंबर १९८९ मध्ये, दिल्लीच्या खनिज विकास महामंडळातल्या रोजंदारी कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शिक्षणाची अट नेमणुकीच्या वेळची. वर्षानुवर्षं काम केलेल्याला त्याच कारणाने कायम न करणं कठोरपणाचं आहे, कारण अनुभव माणसाला त्या कामासाठी तयार करतो. तो निकाल आधीच कामावर असलेल्यांचा होता, नव्या भरतीचा नाही, हे मला कळतं. पण अनुभवाबद्दल जे त्यात म्हटलं आहे, ते मालक बदलला म्हणून खोटं ठरत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंत, भरवशाचा स्टोअरकीपर वर्षभर मिळत नाही. माझ्या ओळखीचे एक काका आहेत, वय ५२. एका कारखान्याचा स्टोअर त्यांनी एकोणीस वर्षं सांभाळला, कारखाना बंद झाला म्हणून घरी बसले आहेत. दहावीला गणितात राहिले, पुन्हा बसले नाहीत. पीएफचं पासबुक त्यांच्याकडे आहे. तुमच्या स्टोअरमध्ये त्यांना अर्धा तास उभं करायला तयार असाल तर मला ईमेल करा, मी त्यांना घेऊन येते.