खोली किती फुटांवर?

आमच्या दुष्काळी जतकडं फूट खाली मोजतात. अमक्याचं बोअर सातशेवर गेलं, तमक्याचं नऊशेवर नेलं तरी नुसता धुरळा निघाला, हे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. सांगलीत मात्र फूट वर मोजतात. हे मला खोली शोधायला निघेपर्यंत ठाऊक नव्हतं.

पीएच.डी.ची नोंदणी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, गाईड सांगलीत, आणि सांगलीतल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला जायचं. तासिका तत्त्व म्हणजे तास आपण घ्यायचे, तत्त्वही आपणच सांभाळायचं आणि मानधनाची वाट बघायची. रोजची एसटी परवडेना, पाठीलाही आणि खिशालाही. भाड्याला तीन हजार, फार ताणलं तर साडेतीन, असा हिशेब करून मी एका रविवारी स्टँडवर उतरलो.

आधी विश्रामबाग गाठलं. कॉलेजांचा भाग, म्हणजे विद्यार्थ्यांची सोय असणार, अशी आपली भाबडी समजूत. पाट्या भरपूर होत्या. ‘खोली भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिली.’ ‘सर्व्हिसवाल्यांना प्राधान्य.’ एका फाटकावर नुसतंच ‘विद्यार्थी नकोत’. खोली द्यायची होती की नव्हती, याचा त्या पाटीवर पत्ताच नाही. खोली नसतानाही ही सूचना लावणाऱ्या माणसाचं काय भोगून झालं असेल, या विचारानं मी पुढं सरकलो.

एका काकूंनी मात्र आत बोलावलं, पाणी दिलं.
“काय करता?”
“पीएच.डी.”
“म्हणजे अजून शिकताच?”
“हो.”
“वय?”
“एकतीस.”
“लग्न?”
“नाही अजून.”
काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की खोलीचं राहू दे, आधी स्थळाचं बघू, असं म्हणतील की काय वाटलं. भाडं साडेसहा हजार निघालं. वर “आमच्याकडं पाणी येत नाही हं,” असं त्या अभिमानानं म्हणाल्या. मी जतचा माणूस. पाणी येत नाही तरी साडेसहा हजार? मी म्हटलं, “मग टँकर मागवता का?” काकू गप्प झाल्या. बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं समजावलं, “ओ, नळाचं न्हाई, नदीचं!”

शंभर फुटी रस्त्यालाही मी जरा बिचकलोच. शंभर फूट ऐकल्यावर आता पाणी कुठवर आलं असेल याचाच अंदाज बांधायला लागलो. तो नुसता रुंद रस्ता निघाला. भाडंही तसंच रुंद.

मिरजेत एक खोली बजेटात बसत होती. खाली तंबोरे-सतारींचं दुकान. मिरजेची ही तंतुवाद्यं देशभर जातात, त्यामुळं मी जरा भारावूनच जिना चढलो. वर अर्धा तास बसलो तेवढ्यात खाली एक तार लावणं चाललं होतं. टंग्. जरा थांबून पुन्हा टंग्. सुरात आली असं मला दर वेळी वाटायचं, कारागिराला वाटायचं नाही. ज्याला स्वतःच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण सात वेळा परत मिळालंय, त्यानं अशा घरात राहू नये.

हरिपूरला तर खोलीपेक्षा हळदच जास्त ऐकली. जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि पेवं गेली, असं तिथले आजोबा सांगत होते. मला हळदीबद्दल एकदम आपुलकी वाटली. तिचंही जागेवाचून अडलं होतं. खोली मात्र आजोबांच्या पुतण्यानं आदल्या दिवशीच देऊन टाकली होती.

शेवटी गणपती मंदिराच्या मागं, गावभागात, एक जुनं घर सापडलं. मालकांना सगळे आण्णा म्हणत. त्यांनी आधी मला खोली दाखवलीच नाही, दाराची चौकट दाखवली. पोरांची उंची वाढेल तशा आई खुणा करते ना, तशा तिच्यावर तेलरंगाच्या रेघा. कमरेशी ‘२००५’. तिच्या वीतभर वर ‘२०२१’. आणि माझ्या डोक्याच्याही वर ‘२०१९’.
“त्या साली आयर्विनला सत्तावन्न फुटांच्या वर गेलतं,” आण्णा म्हणाले. घरातलं पोरगं बोर्डात आल्यासारखा आवाज.

आयर्विन म्हणजे १९२९ सालचा कृष्णेवरचा पूल. तिथली फूटपट्टी हेच सांगलीचं खरं पंचांग. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका. मुहूर्त, लग्न, खोलीचं भाडं, सगळं त्यावर.

खालच्या खोलीचं भाडं सव्वीसशे. वरच्या खोलीचं पाच हजार, कारण तिथं एकोणीसलाही पाणी आलं नव्हतं. जिन्याला बारा पायऱ्या. म्हणजे पायरीला दोनशे रुपये. मी विचारलं, “आण्णा, सहाव्या पायरीवर काही जमेल का?”
आण्णा हसले नाहीत. घासाघीस त्यांनी गंभीरपणे मोजली आणि “तिथं कॉट बसत नाही,” म्हणाले.

मग मुलाखत सुरू झाली. गाव जत म्हटल्यावर पहिला प्रश्न: “ते कर्नाटकात जाणार होतं तेच ना?” २०२२ साली तिकडच्या मुख्यमंत्र्यांनी आमच्या गावांवर हक्क सांगितल्यापासून हा प्रश्न मला चुकलेला नाही. भाडेकरू गावासकट परराज्यात गेला तर डिपॉझिट कुणी कुणाला द्यायचं, अशी त्यांची रास्त शंका होती.
“विषय काय तुमचा?”
“भूगोल. अवर्षण.”
“म्हणजे पाऊस?”
“पाऊस न पडणं.”
“एकच की. मग सांगा, कोयनेतनं किती सोडल्यावर इथं किती तासांत चढतं? आणि आलमट्टीचं तुमचं मत काय?”

माझ्या गाईडनं मला इतकं खोलात जाऊन कधी विचारलेलं नाही. सांगलीत रिक्षावाल्यापासून सराफापर्यंत प्रत्येकाचं आलमट्टीवर, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणावर, मत असतं, आणि ज्याचं नसतं तो बाहेरगावचा. मी विसर्ग, पाणलोट, फुगवटा असे जेवढे शब्द येत होते तेवढे वापरले. आण्णांना उत्तर पटलं नाही, पण क्युसेक हा शब्द मी न अडखळता उच्चारला हे आवडलं. आतून वहिनी भडंगाची ताटली घेऊन आल्या. सांगलीत भडंग पुढं आलं की व्यवहार ठरला असं समजावं.

“पाणी आलं तर?” मी विचारलं.
“तर वर या, आमच्यात. पुरातलं भाडं घेत नाही आम्ही.”

करार अकरा महिन्यांचा. पावसाळा त्यातून वगळता येईल का, असं मी विचारणार होतो, पण भडंगाचा घास तोंडात होता.

ऑगस्टात एका रात्री अडीच वाजता दार वाजलं. आण्णा, हातात मोबाईल, अंगावर रेनकोट. “सर, कोयनेचे दरवाजे उचलले. आयर्विनला अडतीस. तुमचा अभ्यास काय म्हणतो?” माझा अभ्यास जतच्या कोरड्या विहिरींवर होता. त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी आधी प्रबंधाची बाडं वर नेली, मग आण्णांचा फ्रीज आम्ही दोघांनी मिळून. सातव्या पायरीवर दम घेताना मनात आलं, इथवर चौदाशे झाले.

पहाटे फोन वाजला. आई. दोन दिवस झाले, टँकर फिरकला नव्हता, त्यावर बोलून झाल्यावर तिनं विचारलं, “तुज्याकडं कसं काय हाय पाण्याचं?”
“अडतीस फुटांवर आलंय, आई.”
पलीकडं क्षणभर शांतता. मग तिचा आवाज एकदम उजळला.
“अडतीसावरच लागलं? कुणाचं बोर गं बाई? नंबर दे त्या मशिनवाल्याचा!”