तेराव्या नंबरचे दोघे

एप्रिल उजाडला, अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट जवळ आला, की आमच्या ग्रुपवर तोच धोशा सुरू होतो. रिसीव्हर घ्या, कॉर्नर घ्या, कुणीतरी पळणारा घ्या! डिफेन्सिव्ह लाइनचं नाव कुणी काढत नाही. मी २०१२ मध्ये फिलाडेल्फियाजवळ राहायला आलो. त्याच वर्षी इथल्या ईगल्स संघाने फ्लेचर कॉक्स या डिफेन्सिव्ह लाइनमनला पहिल्या फेरीत घेतलं होतं. तेव्हापासून माझं म्हणणं बदललेलं नाही. संघ पुढच्या फळीपासून बांधायचा, ती फळी ड्राफ्टमधून बांधायची, आणि जुनी खिळखिळी व्हायच्या आधीच नवी उभी करायची. ग्रुपवर चार ओळींत हे नीट मांडता येत नाही, म्हणून इथे लिहितोय. लांब झालंय, पण वाचा.

गावाकडच्या मित्रांसाठी थोडक्यात. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, झेलणारा तो रिसीव्हर, आणि रिसीव्हरला अडवणारा तो कॉर्नर. क्वार्टरबॅकपुढे त्याचे पाच दांडगे रक्षक उभे असतात, आणि त्यांना फोडून त्याच्यापर्यंत पोचायचं काम डिफेन्सिव्ह लाइनच्या चौघांचं. चेंडू फेकायच्या आत त्याला आडवा केला की तो सॅक. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून आलेल्या पोरांची निवड. आयपीएलसारखा लिलाव नाही, पैशाची बोलीच लागत नाही. ३२ संघ, ७ फेऱ्या, आणि आदल्या मोसमात जो तळाला त्याचा नंबर आधी. नंबर पुढचा हवा असेल तर दुसऱ्या संघाशी अदलाबदल करायची.

आता तेराव्या नंबरची गोष्ट. २०१० साली ईगल्सनी डेन्व्हरशी अदलाबदल करून २४ वरून थेट १३ वर उडी मारली आणि मिशिगनचा ब्रँडन ग्रॅहम घेतला. लगेच पुढच्या, १४ व्या नंबरवर सिअ‍ॅटलने अर्ल थॉमस हा सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू, घेतला, आणि १५ व्यावर जायंट्सनी जेसन पिअर-पॉल. ग्रॅहमचा गुडघा पहिल्याच मोसमात गेला. इकडे पिअर-पॉलने फेब्रुवारी २०१२ मध्ये सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकला, थॉमसने २०१४ मध्ये. मी इथे आलो तेव्हा ऑफिसात ग्रॅहमचं नाव काढलं की लोक चिडायचे. हातचा हिरा सोडला आणि हा घेतला, असं सरळ म्हणायचे. ते बरीच वर्षं चाललं.

मग आली ४ फेब्रुवारी २०१८ ची रात्र. सव्वादोन मिनिटं उरलेली, चेंडू न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातात, आम्ही पाच गुणांनी पुढे. पण ब्रेडीला तेवढा वेळ पुरतो हे सगळ्या देशाला माहीत. ग्रॅहम आतल्या बाजूने घुसला, हात लांब केला, आणि चेंडू ब्रेडीच्या हातातून सुटला. तो उचलला डेरेक बार्नेटने, २०१७ च्या पहिल्या फेरीतल्या पोराने. अख्ख्या सामन्यात दोन्ही संघांचा मिळून तेवढा एकच सॅक होता. ४१–३३. फिलाडेल्फियाने जिंकलेला पहिला सुपर बोल. ज्याला आठ वर्षं नावं ठेवली त्याच्या एका हातावर तो आला.

एवढं बघून तरी माणसाने धीर धरायला शिकावं ना? २०२२ मध्ये पुन्हा तसंच घडलं. ईगल्सनी ह्यूस्टनशी अदलाबदल करून १५ वरून १३ वर जाऊन जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस घेतला. साडेसहा फूट उंच, ३४१ पौंड, म्हणजे दीडशे किलोच्या वर, आणि ४० यार्ड ४.७८ सेकंदांत पळालेला. लगेच १४ व्या नंबरवर बाल्टिमोरने घेतला सेफ्टी, काइल हॅमिल्टन. हॅमिल्टन लवकरच लीगमधल्या सर्वोत्तम सेफ्टींमध्ये गणला जायला लागला. डेव्हिसचा मात्र पहिल्याच मोसमात घोटा दुखावला आणि वर्षाअखेर त्याच्या नावावर सॅक शून्य. पुन्हा तोच विलाप सुरू. सेफ्टी सोडला, लाइनमन घेतला!

माझे मामा सांगलीहून २०२४ च्या पानगळीत दोन महिने आमच्याकडे होते. तालमीत वाढलेला माणूस, तरुणपणी कबड्डीत बऱ्यापैकी नाव होतं. पहिले दोन रविवार त्यांना काही कळेना. तिसऱ्या रविवारी टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "अरं, त्यो मोठा बघ. त्यो कुणाला धरायलाच जात न्हाई. त्यो जागा धरून बसलाय." मी रिमोटने तो डाव तीनदा मागे घेतला. डेव्हिस बरोबर मध्ये, दोघे त्याला रेटतायत, त्याचे गुडघे वाकलेले, तळहात समोरच्याच्या छातीवर, आणि पाय जिथल्या तिथे. पळणारा चेंडू घेऊन येतो, वाट बंद बघतो, बाहेर वळतो, आणि तिथे फळीमागचा लाइनबॅकर झॅक बॉन मोकळा उभा. पकड बॉनच्या नावावर लागते. डेव्हिसच्या नावावर काहीच नाही. मामा म्हणाले, "कोपऱ्यावरच्यानं पाय धरला की टाळ्या त्येला. पण मधल्यांनी चढाईवाल्याला कोपऱ्याकडं ढकलल्यालं असतंय, ते कोण बघतंय?"

बारा वर्षं मी जे सांगायचा प्रयत्न करत होतो ते मामांनी दोन वाक्यांत सांगितलं.

बरं, विकतचे खेळाडू वाईट असं मी म्हणत नाही. २०२२ च्या मोसमात ईगल्सनी ७० सॅक काढले. चार जणांचे प्रत्येकी दहाच्या वर: हसन रेडिक, जावॉन हारग्रेव्ह, जॉश स्वेट आणि ३४ वर्षांचा ग्रॅहम. यातले रेडिक आणि हारग्रेव्ह फ्री एजंट म्हणून, म्हणजे जुन्या संघाशी करार संपल्यावर बाजारातून, घेतलेले. डेव्हिस जायबंदी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये एन्डामुकन सू आणि लिनव्हल जोसेफ आणले, दोघेही उताराला लागलेले. कागदावर भीती वाटावी अशी फळी. आणि १२ फेब्रुवारी २०२३ ला सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सवर सॅक किती? शून्य. ३५–३८ ने हरलो. मैदान निसरडं होतं हे खरं, पण ते दोन्ही संघांना होतं. महिनाभरात हारग्रेव्ह सॅन फ्रान्सिस्कोला गेला, वर्षभराने रेडिक न्यूयॉर्कला, कॉक्स निवृत्त झाला. विकत घेतलेली आणि म्हातारी झालेली माणसं एकदमच जातात. एकेक जागा भरायला वेळच मिळत नाही.

त्या वेळी फळी कोसळली कशी नाही? कारण पेरणी आधीच झालेली होती. २०२१ मध्ये तिसऱ्या फेरीत, ७३ व्या नंबरवर लुइझियाना टेकचा मिल्टन विल्यम्स. ड्राफ्टच्या खोलीतला तो व्हिडिओ अनेकांना आठवत असेल: ईगल्स ७० वरून ७३ वर खाली आले, मधल्या ७२ वर डेट्रॉइटने अलिम मॅकनील उचलला, आणि जनरल मॅनेजर हाउई रोझमन सगळ्यांशी मुठी भिडवत फिरतोय तर एका ज्येष्ठ सल्लागाराचा चेहरा पडलेला. हसले लोक. मग २०२२ मध्ये डेव्हिस. मधल्या जागांवर कॉक्स आणि हारग्रेव्ह दोघेही असताना! गरज काय, असं तेव्हा विचारणारे आमच्याच ग्रुपवर होते. २०२३ मध्ये ९ व्या नंबरवर जेलन कार्टर, ३० व्यावर नोलन स्मिथ, आणि सातव्या फेरीत, २४९ व्या नंबरवर मोरो ओजोमो. २०२४ मध्ये तिसऱ्या फेरीत जेलिक्स हंट, जो कॉर्नेलला सेफ्टी खेळायचा. चार वर्षं, सलग, दर वर्षी.

९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स. समोर तेच चीफ्स, तोच महोम्स. आमच्या बचावाचा कोच विक फँजिओने अख्ख्या सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे चौघांच्या जोडीला जादा माणूस पुढे धाडला नाही. चौघेच पुढे, सात जण मागे. मध्यंतराला २४–०, आणि चीफ्सचे तोवरचे एकूण यार्ड २३. कार्टरच्या नावावर एकही सॅक नाही, कारण त्याच्यावर सतत दोघे लावलेले. त्यामुळे बाकीच्यांना समोर एकेकच माणूस उरला. सॅक झाले सहा. स्वेटचे अडीच, विल्यम्सचे दोन, डेव्हिसचा एक, हंटचा अर्धा. चौथी फेरी, तिसरी फेरी, पहिली फेरी, तिसरी फेरी. सहाही सॅक घरच्या पोरांचे. चेहरा पाडायला लावणाऱ्या त्या विल्यम्सने महोम्सच्या हातातून चेंडू उडवला आणि स्वतःच झडप घालून घेतला, तेव्हा मी उभा राहून रडलो. सांगायला लाज नाही वाटत. ४०–२२.

त्याच मोसमाआधी ब्राइस हफ या फ्री एजंटला तीन वर्षांचे ५ कोटी १० लाख डॉलर कबूल करून आणलं होतं. मोसमभरात अडीच सॅक, आणि त्या रविवारी तो गणवेशातही नव्हता.

पैशाचं गणित इथेच येतं. ड्राफ्टमधल्या पोराचा करार चार वर्षांचा, आणि पगार नंबरानुसार जवळजवळ ठरलेला. संघाच्या एकूण पगाराला वरून मर्यादा, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख डॉलर. फळीतली पोरं त्या ठरलेल्या पगारात खेळतात तोवर रिसीव्हरला आणि क्वार्टरबॅकला द्यायला पैसा उरतो. रिसीव्हर मागणाऱ्यांनो, तुमचा रिसीव्हरसुद्धा याच फळीच्या जिवावर येतो! चार वर्षं संपली की मात्र ते हातचे जाऊ शकतात. विल्यम्सला न्यू इंग्लंडने १० कोटी ४० लाख दिले, स्वेट ॲरिझोनाला गेला. त्यांचा राग नाही. म्हणूनच दर वर्षी नवा माणूस आत घ्यावा लागतो.

चुका होतात. २०१४ मध्ये २६ व्या नंबरवर घेतलेला मार्कस स्मिथ तीन मोसमांत चार सॅक काढून गेला. म्हणून तर एकावर भिस्त ठेवायची नाही. पाच रोपं लावली तर तीन धरतात, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही.

माझी खरी तक्रार २०२५ ची आहे. स्वेट गेला, हफला विकला, ग्रॅहमने मार्चमध्ये निवृत्ती घेतली. तीन एज, म्हणजे फळीच्या टोकांना खेळणारे, गेले, आणि ड्राफ्टमध्ये त्या जागेसाठी निव्वळ असा एकही माणूस वरच्या फेऱ्यांत घेतला नाही. पहिली फेरी जिहाद कॅम्पबेलवर, जो मुळात लाइनबॅकर. परिणाम काय? ऑक्टोबरमध्ये ३७ वर्षांच्या ग्रॅहमला घरून परत बोलवावं लागलं, आणि नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या फेरीचा नंबर मोजून मायामीकडून जेलन फिलिप्स आणावा लागला. तिसरी फेरी! जिथून विल्यम्स आला, जिथून हंट आला. रोझमनचं काम मी मनापासून मानतो, पण त्या एप्रिलला एजकडे दुर्लक्ष झालं हे सांगितलंच पाहिजे.

आणि डेव्हिस? २१ सप्टेंबर २०२५, घरचं मैदान, समोरचा रॅम्स संघ एका गुणाने मागे आणि शेवटची किक त्यांची. खांबांमधून गेली असती तर हरलो होतो. डेव्हिसने मधून वाट काढली, चेंडूला हात लावला, उसळलेला चेंडू पकडला आणि तो दीडशे किलोचा माणूस ६१ यार्ड पळत सुटला. ३३–२६. सांगलीत तेव्हा मध्यरात्र उलटलेली होती. मी तरीही मामांना फोन लावला. ते जागेच होते, फोनवर बघत होते. म्हणाले, "आज जागा सोडली की रं त्यानं!"

यंदा माझं मागणं एवढंच: पहिल्या तीन फेऱ्यांत दोन एज, आणि पाचव्या-सहाव्या फेरीत मधल्या जागेसाठी एखादं दांडगं पोरगं, डेव्हिस अजून भरात आहे तोवर. शुक्रवारी रात्री तिसरी फेरी संपेपर्यंत मी जागा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी सातपर्यंत या. मिसळ केलेली असेल, पाव मात्र येताना आणा.