सवय शरीराला लागत नाही

‘प्रतिजैविकांची (अँटिबायोटिक्सची) सवय शरीराला लागते आणि मग ती लागू पडत नाहीत, ज्याने ती फारशी घेतलेली नाहीत त्याने घाबरण्याचे कारण नाही’ असे ठासून सांगणारा संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. काल तो माझ्या आत्याने मला पाठवला आणि त्याच भरवशावर, मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या आपण सर्दीसाठी सुरू केल्याचेही कळवले. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

मुळात औषधाला दाद देईनासे होते ते शरीर नव्हे, जीवाणू. यालाच प्रतिरोध म्हणतात. औषधाच्या माऱ्यात बहुतेक जीवाणू मरतात, ज्यांच्या जनुकांत तग धरण्याची सोय असते ते उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय प्रतिरोधाची जनुके प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान वर्तुळांवरून एका जातीच्या जीवाणूतून दुसऱ्या जातीच्या जीवाणूत जाऊ शकतात. असा जीवाणू संसर्ग करताना आपण आजवर किती गोळ्या घेतल्या याची चौकशी करत नाही. एकही गोळी न घेतलेली नवजात अर्भके प्रतिरोधक जंतुसंसर्गाने दगावतात, त्यांच्या शरीराला कसली सवय लागली होती?

प्रतिरोध हा औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, हा त्या संदेशातला दुसरा दावा. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, २०४ देश व प्रदेशांच्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधामुळे झाले. आणि नवी प्रतिजैविके जपून वापरावी लागत असल्याने त्यांत नफा कमी. म्हणून अनेक मोठ्या कंपन्यांनी हे संशोधनच सोडले आहे. बागुलबुवा उभा करून दुकान बंद करणारा व्यापारी विरळाच!

‘बरे वाटताच गोळ्या थांबवा’ या संदेशातल्या सल्ल्यात मात्र अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. कोर्स अर्धवट सोडल्याने प्रतिरोध वाढतो या समजुतीला भक्कम पुरावा नाही, असे काही तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते, आणि अनेक संसर्गांत कमी दिवसांचे उपचार पुरतात. परंतु ते दिवस डॉक्टरांनी ठरवायचे असतात. क्षयरोगात तर असे मध्येच थांबणे घातक ठरते.

राहिल्या आत्याच्या उरलेल्या गोळ्या. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. त्या गोळ्यांनी मरतील ते तिच्या आतड्यांतले निरुपद्रवी जीवाणू, आणि मागे उरतील ते त्या औषधाला न जुमानणारे.