तीन दिवसांचं पाणी

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर पाण्यावरून चांगलीच जुंपली. सुरुवात मामांनी केली. त्यांचं म्हणणं, शहराचं पाणी एकदाचं खासगी कंपनीला देऊन टाका, सरकारी कारभाराच्यानं हे व्हायचं नाही, इंग्लंडमध्ये बघा सगळं पाणी खासगी आहे म्हणून तर चोवीस तास नळ चालू असतो. धाकटा भाऊ लगेच तापला, पाणी म्हणजे काय मोबाइलचं सिमकार्ड आहे का पटलं नाही की कंपनी बदलायला. मग दोघंही माझ्याकडं वळले, तू तिथं राहतीस, आता तूच सांग.

मी नऊ वर्षं झाली बर्मिंगहॅमला राहते. त्याआधीचं सगळं आयुष्य औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात गेलं. जुन्या गोष्टी सांगताना जुनंच नाव तोंडात येतं, कुणी वाईट वाटून घेऊ नका. ग्रुपवर दोन ओळीत उत्तर देणं जमेना म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मामांचं अर्धं खरं आहे. इंग्लंडमध्ये 1989 ला पाणी खासगी झालं आणि माझ्या नळाला दिवसरात्र पाणी असतं, मोटर लावावी लागत नाही, गच्चीवर टाकी नाही, ड्रम नाही. पण हे पाणी येतं कुठून? वेल्समधल्या एलन व्हॅलीतून, 73 मैलांवरून, म्हणजे सुमारे 118 किलोमीटर. आणि ही धरणं, हा कालवा कुठल्या कंपनीनं बांधलेला नाही. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनं बांधलाय, तिथले लोक तिला कॉर्पोरेशन म्हणायचे, आणि तो चालू झाला 1904 ला. खासगी कंपनी आली ती त्याच्यानंतर 85 वर्षांनी, सगळं आयतं जमिनीत गाडलेलं असताना.

त्याच्याआधीची गोष्ट मामांनी जास्त नीट वाचावी असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमचं पाणी खरंच एका खासगी कंपनीकडं होतं, 1826 पासून. शहर कारखान्यांचं, पितळ, स्क्रू, बंदुका, माणसं भसाभस वाढत चाललेली, आणि नळाला पाणी यायचं आठवड्यातले तीन दिवस. राहिलेले दिवस लोक विहिरीचं पाणी काढायचे नाहीतर गाड्यांवरून विकत घ्यायचे. जवळजवळ अर्धं शहर विहिरींवर होतं आणि त्यातल्या कितीतरी विहिरींत गटाराचं पाणी झिरपायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि आईला फोन केला, म्हणलं आई, इथं पण टँकर होते गं. आई म्हणाली, तीन दिवस? मग बरंच की, आमच्याकडं तर आठव्या दिवशी येतंय.

1873 मध्ये जोसेफ चेंबरलेन नावाचा स्क्रूचा कारखानदार महापौर झाला. तीन वर्षंच होता, पण त्या तीन वर्षांत त्यानं गॅसच्या दोन्ही कंपन्या शहरासाठी विकत घेतल्या, सुमारे 20 लाख पौंड मोजून, आणि पाठोपाठ पाण्याची कंपनी 13.5 लाख पौंडांना. त्या काळात ही रक्कम म्हणजे डोळे फिरवणारी होती आणि सगळी कर्जाची. स्वतः धंदेवाला माणूस, त्याला नफा काय असतो हे शिकवायची गरज नव्हती, तरी त्यानं पाण्यात आणि गॅसमध्ये स्पष्ट फरक केला. गॅसमधून शहरानं नफा कमवावा आणि त्यातून रस्ते, वस्त्या सुधाराव्यात. पाण्यातून मात्र एक पैसा नफा काढायचा नाही, काही उरलंच तर दर कमी करायचा, कारण पाण्याशिवाय गरिबातल्या गरिबाचंही चालत नाही आणि रोगराई झाली तर ती गल्ली बघून थांबत नाही. गॅसनं पहिल्याच वर्षी 34,000 पौंड नफा दिला. पुढं दिवे विजेचे झाले तेव्हा 1900 ला वीज कंपनीही शहरानं ताब्यात घेतली.

मला त्या माणसाचं देवघर मांडायचं नाहीये. हाच चेंबरलेन पुढं साम्राज्याचा वसाहतमंत्री झाला, त्याचं ते राजकारण आपल्यासारख्यांनी विसरावं असं अजिबात नाही. पण शहराचं पाणी म्हणजे शहराच्या अब्रूचा प्रश्न आहे हे त्याला कळलं होतं, आणि त्याच्या कामाची आठवण म्हणून इथं भर चौकात लोकांनी 1880 ला जे स्मारक उभारलं ते कारंज्याचं आहे. मी ऑफिसला जाताना रोज त्याच्यासमोरून जाते.

एलन व्हॅलीचं काम त्याच्यानंतरच्या लोकांनी केलं. 1892 ला पार्लमेंटचा कायदा करून घेतला, पुढच्या वर्षी काम सुरू, 11 वर्षांनी राजानं येऊन उद्घाटन केलं. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे या 118 किलोमीटरला पंप लागत नाही. धरणापासून शहराजवळच्या तलावापर्यंत उतार फक्त 52 मीटरचा, म्हणजे दर 2,300 फुटाला एक फूट, आणि पाणी ताशी दोन मैलांपेक्षा कमी वेगानं, निवांत चालत, दीड दिवसात शहरात येतं. अजूनही त्याच उतारानं येतंय. बाकीची धरणं टप्प्याटप्प्यानं बांधायची हे आधीच ठरलेलं, त्यातलं शेवटचं मोठं क्लेरवेन 1952 ला झालं.

आता हे वाचून औरंगाबादचा माणूस गप्प कसा बसेल? हे तर आपल्याकडं तीनशे वर्षं आधी झालेलं आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं 1610 ला खडकी, म्हणजे आपलंच शहर, वसवलं आणि थोड्याच वर्षांत उत्तरेकडच्या डोंगरातून नहर आणली. जमिनीखालून बांधलेली, मध्येमध्ये उतरून साफ करायला झरोके, हवा आणि दाब सोडायला उंच मनोरे, आणि सगळा प्रवास उतारावर. बादशहाचं नाव शहराला लागायच्या कितीतरी आधी ही नहर वाहत होती. पाणचक्कीला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, फोटो काढतो, तिथं वरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दळण निघायचं. म्हणजे एकाच पाण्यानं तहान भागवायची आणि तेच पाणी कामालाही लावायचं, हे आपल्या शहराला आधीपासून माहीत होतं. शाळेत आम्हाला बीबी का मकबऱ्यावर निबंध लिहायला लावायचे, नहरीवर कधीच नाही.

मग आपलं गणित कुठं उलटं झालं? माझ्या मते ते उलटं झालं चढावर. जायकवाडीचा पाया 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी घातला, 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, सुमारे 10 किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, मराठवाड्याचा जीव. पण शहर धरणाच्या वर आहे, शंभर मीटरहून जास्त उंचावर. म्हणजे आपल्या घरात येणारा प्रत्येक हंडा विजेनं ढकलत आणावा लागतो. लाइट गेली की उपसा बंद, उपसा बंद की टप्पा पुढं ढकलला, आणि ज्या गल्लीची आज पाळी होती तिची पाळी उद्यावर नाहीतर परवावर. माझ्या लहानपणी आई रात्री दोन वाजता उठायची, नळाला कान लावून बसायची, हवा सुटल्याचा आवाज आला की आम्हा सगळ्यांना उठवायची. आणि नेमकी तेव्हाच डीपी जळाली तर मग बसा. वीज आणि पाणी ही दोन वेगळी खाती आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आमच्या घरात ते एकच संकट होतं.

उलट्या बाजूनं पण तसंच. परळीचं औष्णिक केंद्र मराठवाड्याचा अभिमान, पहिला 30 मेगावॅटचा संच 1971 चा. 2013 च्या दुष्काळात ते केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, माणसं होती, पाणी नव्हतं. आणि 2016 ला लातूर. माझी आत्या लातूरला असते. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदी लावली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. मी तेव्हा नुकती इथं यायच्या तयारीत होते, बॅगा भरत होते, आणि टीव्हीवर ती गाडी येताना बघून आत्या फोनवर रडत होती. आनंदानं रडत होती का कशानं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

आता खासगीचा मुद्दा. आपण दोन्ही करून बघितलंय, हे मामा विसरतात. शहराची वीज 2011 ला एका खासगी फ्रँचायझीकडं दिली होती, 2014 ला परत घेतली. पाणी 2014 ला एका खासगी कंपनीकडं दिलं, 2016 ला करार रद्द केला. म्हणजे इकडून तिकडं आणि तिकडून इकडं ढकलण्यात वर्षं गेली आणि पाइप जमिनीत गेलाच नाही. त्यानंतर 2020 ला 1,680 कोटींच्या योजनेचं भूमिपूजन झालं, ती पुढं 2,740 कोटींवर गेली. बर्मिंगहॅमनं 11 वर्षांत दुसऱ्या प्रांतातून पाणी आणलं तेव्हा हातात कुदळ, वाफेची इंजिनं आणि हजारो मजूर होते.

आणि इथलं खासगीकरण तरी सोन्याचं निघालं का? इथं रोज बातम्या येतात, नद्यांत मैलापाणी सोडलं, कंपन्या कर्जात बुडालेल्या, त्यातून भागधारकांना लाभांश वाटलेले, बिलं वाढलेली. या कंपन्यांवर लक्ष ठेवणारी नियामक संस्थाच बंद करून नवीन आणायची असं सरकारनं 2025 ला जाहीर केलं. याच बेटावर स्कॉटलंडचं पाणी आजही सरकारी मालकीचं आहे आणि वेल्समध्ये 2001 पासून नफा न वाटणारी संस्था चालवते. तिथले नळ पण चोवीस तास चालूच आहेत मामा. एक गोष्ट मात्र इथली मला मनापासून आवडते, 1999 च्या कायद्यानं बिल थकलं म्हणून राहत्या घराचं पाणी तोडता येत नाही. वसुली करा, कोर्टात जा, पण नळ बंद करायचा नाही.

भावालाही माझं सांगणं आहे. पाणी सरकारी राहू दे एवढं म्हणून भागत नाही. चेंबरलेनच्या नगरपालिकेला कर्ज मिळालं कारण लोक पट्टी भरत होते. आपल्याकडं किती नळजोडण्या आहेत, किती बेकायदेशीर आहेत, किती पाणी निघतं आणि किती घरात पोहोचतं, याचा हिशोब वॉर्डावॉर्डात भिंतीवर लावला पाहिजे. आपल्याच गल्लीत मेन लाइनला मोटर लावणारे आहेत, आकडे टाकणारे आहेत, आपण त्यांना ओळखतो आणि काही बोलत नाही. टँकर आणि जारवाल्याला आपण पाणीपट्टीपेक्षा किती जास्त पैसे देतो हे प्रत्येक घरानं एकदा वहीत मांडून बघावं. लोक पैसे द्यायला तयार नाहीत हे खोटं आहे, लोक आज देतातच आहेत, फक्त ते पैसे नळापर्यंत पोहोचत नाहीत.

माझं मत विचाराल तर चेंबरलेननं पाण्यात आणि गॅसमध्ये केलेला तो जुना फरक आपण पाण्यात आणि विजेत धरून ठेवावा. उद्योगाला, हॉटेलांना, मॉलला पुरा दर लावा, त्यातून कमवा, काही कामं ठेकेदाराला द्यायची तर द्या. पण घरच्या पाण्यावर नफ्याचा करार नको, आणि जो काही करार होईल तो मराठीत, पूर्ण, सही होण्याआधी लोकांना वाचायला मिळाला पाहिजे. बर्मिंगहॅमच्या लोकांनी वाद घातले ते आकडे समोर ठेवून, आपण वाद घालतो पक्ष समोर ठेवून.

आणखी एक, हे सांगताना मला जड जातंय. एलन व्हॅलीत सुमारे शंभर माणसांना घरं सोडावी लागली, चर्च आणि शाळा पाण्याखाली गेली, भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना, कुळांना आणि मजुरांना नाही. मी मागच्या वर्षी तिथं गेले होते, धरणावरून पाणी कोसळत होतं, सगळे फोटो काढत होते. मला माझ्या आजीचं माहेर आठवत होतं. पैठणजवळचं गाव, जायकवाडीच्या नाथसागरात गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की देवळाचा दगड दिसतो असं ती सांगायची. तिच्या गावावरून जे पाणी वर चढून शहरात येतं त्याची वाट बघत माझी आई अजून रात्री जागते, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणून आपण नाशिक-नगरकडं दरवर्षी मागणं करतो, 2023 ला 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला तेव्हा तिकडं आंदोलनं झाली. त्यांचीही शेतं आहेत, मला कळतं. पण खालच्या माणसाचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे, 2005 पासून, तो मागायला आपण लाजायचं कारण नाही.

मामांना मी हे सगळं पाठवलं. रात्री उशिरा त्यांचा मेसेज आला, नहरीचे झरोके अजून कुठं कुठं उघडे आहेत, तू आलीस की जाऊ बघायला. मी डिसेंबरमध्ये जातेय. आईनं आत्ताच विचारून ठेवलंय, कुठल्या तारखेला येतीस, पाण्याच्या दिवशी नको येऊ, त्या दिवशी मला तुझ्याशी बोलायला वेळ मिळणार नाही.