लकव्यात बोटं टोचत बसू नका

घरच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज बहुतेकांनी पाहिला असेल: लकव्याचा झटका आला की माणसाला जागचं हलवू नका, दहाही बोटांची टोकं सुईने टोचा, तोंड वाकडं असेल तर कानाच्या पाळ्याही टोचा, शुद्धीवर आल्यावरच दवाखान्यात न्या.

टोचल्याने मेंदूवरचा दाब उतरतो म्हणे. दहा थेंब म्हणजे जेमतेम अर्धा मिलीलीटर. अंगात रक्त असतं ५ लीटरच्या आसपास. लकवा बहुतेकदा मेंदूच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकल्याने येतो, काही वेळा मेंदूत रक्तस्राव झाल्याने. ती गुठळी टोचण्याने तसूभरही हलत नाही.

‘टोचल्यावर तोंड सरळ झालं’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. काही झटक्यांत गुठळी आपोआप सुटते आणि तासाभरात लक्षणं जातात. मात्र न ओसरणारा मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचाच.

सर्वांत घातक ओळ ‘हलवू नका’ ही. मोठी धमनी बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. मेंदूतला रक्त पूर्ण तुटलेला गाभा लवकर जातो, पण भोवतीचा पट्टा शेजारच्या वाहिन्यांच्या तुटपुंज्या रक्तावर काही तास तग धरतो. वाचवायचा तो हाच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. त्यात भंडाऱ्याहून नागपूर गाठायचं तर ६० किलोमीटरचा रस्ताच वेळ खातो. टोचण्यात घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

स्कॅनआधी ॲस्पिरिन नको. रक्तस्राव असला तर तो वाढेल. बीपी चढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळीही नको. दाब एकदम पडला की त्या पट्ट्याचं उरलंसुरलं रक्तही तुटतं.

‘पेशी वाचवणारं इंजेक्शन’ हाही असाच भरवसा. उंदरांत यशस्वी ठरलेली कितीतरी औषधं माणसांत फसली. पेशी वाचवायला म्हणून दिलं जाणारं सिटिकोलीन आपल्याकडे चिठ्ठीवर सर्रास दिसतं. २०१२ साली २,२९८ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. ॲम्ब्युलन्समध्येच दिलेल्या मॅग्नेशियमचंही २०१५ मध्ये तेच झालं.

आणि मे महिन्यातली खास नागपुरी चूक: ‘ऊन लागलं’ म्हणून पन्हं पाजणं. एकाच बाजूचा हात गळला, ओठाचा एकच कोपरा उतरला, बोबडी वळली, तर पाण्याचा घोटही देऊ नका. गिळणं बिघडलेलं असतं, घोट फुप्फुसात जातो. घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासा, ती फार उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं.

१०८ लावा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठताना झटका दिसला तर झोपायला गेला ती वेळ. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, विशेषतः रक्त पातळ करणारी. निघता निघता दवाखान्यात फोन करून विचारा: सीटी आत्ता चालू आहे का, आणि गुठळीचं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का?