म्हणे दहा मिनिटांत साखरेचा गुलाब!

केकवर लावायचा साखरेचा गुलाब दहा मिनिटांत शिकवणारे व्हिडिओ बघितले की डोक्यात तिडीक जाते. दहा मिनिटांत डोंबल होतंय! नुसत्या फाँडंटचा (केकवर पसरायच्या मऊ साखरेच्या लगद्याचा) गुलाब करून दाखवायचा, कॅमेरा बंद व्हायच्या आत पाकळ्या मान टाकतात, ते मात्र कापून टाकायचं.

फाँडंट वाळून कडक होण्यासाठी बनलेलंच नाही. फुलाला गमपेस्ट, म्हणजे वाळून कडक होणारी साखरेची पेस्ट लागते. ती नसेल तर 250 ग्रॅम फाँडंटमध्ये एक छोटा चमचा टायलोज (पेस्ट कडक करणारी पूड) मळा, घट्ट गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. हे 'रात्रभर' सांगायला यांची जीभ का अडखळते? फुलाच्या मधला, तारेवर बसवलेला पेस्टचा कोन (शंकू) कटरने कापलेल्या पाकळीपेक्षा आखूडच हवा, नाहीतर पहिली पाकळी त्याचं टोक झाकतच नाही आणि सगळ्या फुलातून तो बोडका डोकावत राहतो. शिवाय तो निदान 24 तास आधी वाळलेला हवा. ओल्या कोनावर पाकळ्या चढवल्या की अख्खा गुलाब तारेवरून खाली घसरतो.

पाकळी कशी लाटायची? "पातळ." अहो, किती पातळ? खालचं छापील अक्षर दिसेल इतकी, आणि बुडाशी किंचित जाड. बॉल टूल (टोकाला गोळा असलेली दांडी) अर्धं पाकळीच्या कडेवर, अर्धं खालच्या फोमच्या गादीवर फिरवायचं. मधोमध दाबलं तर पाकळीची वाटी होते, कड तशीच जाड राहते, आणि जाड कडेचं फूल लांबूनही प्लॅस्टिकचं दिसतं. कडेला चिरा पडतात कारण वर कॉर्नफ्लोअरचा मारा केलेला असतो. तो पेस्टमधला ओलावा शोषून घेतो. चिकटपणा घालवायला बोटाला पुसटसं शॉर्टनिंग (डालडासारखं घट्ट तूप) पुरतं. कापून ठेवलेल्या पाकळ्या झाकायच्या असतात, हेही कुणी बोलत नाही.

तारेबद्दल तर सगळा आनंदच. गेजचा, म्हणजे तारेच्या जाडीचा, आकडा मोठा तेवढी तार बारीक, एवढं एक वाक्य सांगा ना! सुट्या पाकळीला 26 किंवा 28 गेज, गुलाबाच्या कोनाला 18 किंवा 20. कोनाला 28 ची लावली तर फूल वाकणारच.

आणि वर शहाणपणाचा सल्ला: "लवकर वाळायला फ्रीजमध्ये ठेवा." कशाला? साखर हवेतला ओलावा ओढते. गार फूल बाहेर काढलं की त्यावर दव धरतं, कडा लोंबतात, पेटल डस्टचे (पाकळ्यांना लावलेल्या रंगाच्या पुडीचे) ओघळ येतात. पंख्याच्या हवेत वाळवा, पूर्ण वाळल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. केक फ्रीजमधला असेल तर फुलं शेवटी लावा, अगदी शेवटी!

उघडी तार थेट केकमध्ये खुपसणाऱ्यांपुढे तर हात टेकले. पोझी पिक (तार बसवायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) नाहीतर जाड स्ट्रॉ आधी खोचा, त्यात तार बसवा. आणि आत तार आहे, कापण्याआधी फुलं काढा, हे केक नेणाऱ्याला तोंडाने सांगा. तेवढं तरी!